ख्रिस्ती लेखक कुणाला सुचवायचा असेल तर

परवा विरार फास्टच्या लेडीज डब्यात आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणाली, तुझ्याकडे वाचायला काही चांगलं ख्रिस्ती असेल तर सांग ना, पण प्रवचन झोडणारं नको, स्वतः विचार करणारं कुणीतरी हवंय. हा प्रश्न मला गेली वीसेक वर्षं कुणी ना कुणी विचारतंच आहे. एक तर आमच्या देवळात (आम्ही वसईकडचे लोक चर्चला देऊळच म्हणतो, आता बोरिवलीला राहायला आले तरी तोंडात तेच बसलंय) पुस्तकांचं एक कपाट आहे त्याची चावी माझ्याकडे असते, आणि दुसरं म्हणजे ऑफिसात मी एकटीच ख्रिस्ती आहे, त्यामुळे नाताळ जवळ आला की कुणीतरी हमखास विचारतं.

सुरुवातीला मी काय करायचे तर लिस्ट द्यायचे. चौदा-पंधरा नावं, संत ऑगस्टीनपासून पार आजच्या लेखकांपर्यंत, व्यवस्थित टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि मला वाटायचं काय छान काम केलं. त्या लिस्टमधून कुणीही काहीही वाचलं नाही. एका मुलीने तर तीन वर्षं ती जपून ठेवली होती, मला दाखवली पण, म्हणाली एकदा सुरू करायचंय. तेव्हा मला कळलं की चौदा नावं दिली म्हणजे मी निवडायचं काम केलंच नाही, ते तिच्या डोक्यावर टाकून मोकळी झाले. म्हणून आता माझा पहिला नियम हाच, एका वेळी एका माणसाला एकच लेखक, आणि त्या लेखकाचं एकच पुस्तक किंवा एकच लेख.

पण तो एक निवडायचा कसा, तर आधी समोरच्याचं ऐकायचं. मी तीन गोष्टी विचारते. पहिली, तू खरं खरं कुठल्या भाषेत वाचतेस, म्हणजे कुठली भाषा आवडते हे नाही, तर रात्री दमून पडल्यावर कुठल्या भाषेत दहा पानं होतात. आपल्याकडे घरात मराठी किंवा सामवेदी (आमच्या वसईकडची बोली) बोलणारी पण शाळा पहिलीपासून कॉन्व्हेंटची अशी मुलं खूप आहेत, त्यांना मराठी समजतं सगळं पण देवनागरी वाचायला इतका वेळ लागतो की चौथ्या पानावर पुस्तक बंद. त्यांना मराठीच वाच असा हट्ट करण्यात अर्थ नाही, त्याच लेखकाचं इंग्रजी भाषांतर असेल तर ते द्यायचं. दुसरी गोष्ट, वेळ कधी मिळतो. विरार ते चर्चगेट दीड तास बसायला मिळणाऱ्या माणसाला मोठं पुस्तक चालतं, दादरला उभ्याने लटकत जाणाऱ्याला दोन-तीन पानांचे तुकडे असलेलंच पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची पण सरळ विचारता येत नाही अशी, की आत्ताच का विचारतेयस. घरात कुणी गेलंय का, नोकरी गेलीय का, मुलाने मिस्साला (म्हणजे देवळातल्या आमच्या उपासनेला) यायचं बंद केलंय का, की नुसतीच उत्सुकता आहे. लोक हे लगेच सांगत नाहीत, चहा पाजावा लागतो, थांबावं लागतं.

ह्या तिसऱ्या गोष्टीत मी एकदा फार वाईट चुकलेय ते सांगते. माझ्या मावसबहिणीचा नवरा अचानक गेला. महिन्याची मिस्सा व्हायच्या आधीच मी तिला सी. एस. लुईस ह्या इंग्रजी लेखकाचं दुःखावरचं छोटं पुस्तक नेऊन दिलं. पुस्तक सच्चं आहे, बायको १९६० साली कॅन्सरने गेल्यावर ह्या माणसाने वह्यांमध्ये जे लिहिलं तेच १९६१ साली छापलं, तेही टोपणनावाने, आणि त्यात देवावरचा राग अजिबात लपवलेला नाही. पण बहिणीने नंतर मला सांगितलं की तू ते दिलंस तेव्हा मला वाटलं मी रडायचं सोडून आता समजूतदार व्हावं असं तुला वाटतंय. मला ते शब्द अजून टोचतात. वर्षभराने तिनेच ते कपाटातून मागून नेलं आणि पेन्सिलीने खुणा करून परत आणलं. म्हणजे लेखक बरोबर होता, वेळ माझी चुकली. तेव्हापासून ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना मी काहीच वाचायला देत नाही, डबा घेऊन जाते.

आता विचार करणारा लेखक म्हणजे नक्की कोण, हे पण ठरवावं लागतं, कारण ख्रिस्ती नावाखाली फोनवर रोज इतकं काही येतं. अकरा जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद जाईल वगैरे, ते तर सोडूनच द्या. पण जे दिसायला चांगलं असतं त्यातही मी काही गोष्टी बघते. एक म्हणजे बायबलमधलं वचन लेखक कसा वापरतो. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताच्या योजना आहेत असं देव सांगतो ते वचन, मग आणि कॅलेंडरवर छापलेलं असतं, दहावीच्या रिझल्टच्या दिवशी तर सगळीकडे फिरतं. पण ते वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, पकडून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या लगेच आधीच्या, म्हणजे दहाव्या वचनात देव म्हणतोय की सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिकडेच मरणार. जो लेखक अकरावं वचन सांगताना दहावं पण सांगतो त्याचं मी पुढे वाचते. तसंच स्तोत्र ८८, ते पूर्ण दुःखाचं स्तोत्र आहे आणि अंधारावरच संपतं, शेवटी कुठेही सगळं नीट झालं असं येत नाही. त्याला ओढूनताणून गोड शेवट जोडणाऱ्या लेखकाला मी बाजूला ठेवते, हेतू कितीही चांगला असो.

दुसरं बघते ते हे की ज्यांच्याशी त्याचं पटत नाही त्यांच्याबद्दल तो कसं लिहितो. हिंदू शेजारी, नास्तिक मुलगा, दुसऱ्या पंथाचे ख्रिस्ती, ह्यांचं म्हणणं त्याने अशा शब्दांत मांडलंय का की ते स्वतः वाचून म्हणतील हो, आम्ही हेच म्हणतो. नसेल तर पुस्तक कितीही भक्तिभावाने लिहिलेलं असलं तरी मी ते सुचवत नाही. आणि तिसरं, आयुष्यात त्या माणसाने लिहिलेल्याची काही किंमत मोजलीय का. ही अट मी प्रत्येकाला लावत नाही, शांतपणे शिकवून शांतपणे म्हातारे झालेले चांगले लेखकही आहेत, पण किंमत मोजलेल्यांचं लिखाण वाचताना वेगळं लागतं हे खरंय. डिट्रिच बोनहोफर नावाचे जर्मन पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) होते, हिटलरच्या विरोधात गेले म्हणून एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली, वय ३९. त्यांची तुरुंगातली पत्रं ज्याला ऑफिसात रोज खोट्यावर सह्या कराव्या लागतात अशा एकाला मी दिली होती. त्याने पुढे काय केलं ते मी सांगणार नाही, त्याची गोष्ट आहे ती.

सुचवताना लेखक कुठला आहे ते लपवायचं नाही, हे मी फार गंभीरपणे सांगते. आपल्या मुंबईत ख्रिस्ती म्हणजे सगळे एक असं बाहेरच्यांना वाटतं, पण आम्ही मिस्सा म्हणतो, भायखळ्याची माझी मैत्रीण, मूळची नगरकडची, प्रोटेस्टंट, ती भक्तीला जाते म्हणते, आमचा परमप्रसाद आणि त्यांचं प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी), आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि त्यांच्या ६६. हे फरक वाचणाऱ्याला आधी माहीत असले की तो मध्येच अडखळत नाही. मी सरळ सांगते, हे फादर आहेत, हे पाळक होते, ही बाई कुठल्याच पंथाच्या चौकटीत नीट बसली नाही. आणि वाद असेल तर वादही सांगते. उदाहरणार्थ फादर अँथनी डिमेलो, आपल्या मुंबईतच १९३१ साली जन्मलेले जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ आहे, त्यातले), छोट्या छोट्या गोष्टींतून ध्यान शिकवणारे, १९८७ साली गेले. उभ्याने प्रवास करणाऱ्यांसाठी त्यांच्यासारखा लेखक नाही, एक गोष्ट अर्ध्या पानाची, आणि ती दिवसभर डोक्यात फिरते. पण ते गेल्यावर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने एक सूचना काढली की त्यांच्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. मला डिमेलो आवडतात, मी ते देते, पण ही गोष्ट सांगूनच देते. न सांगता दिलं आणि नंतर त्या माणसाला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याला वाटणार हिने माझ्यापासून लपवलं, आणि मग मी सुचवलेलं पुढचं काहीच तो उघडणार नाही.

आता मराठी लेखकांकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे आणि कारण आपल्याच लोकांना हे माहीत नसतं. कुणी विचारलं की मी सगळ्यात जास्त वेळा जे नाव घेते ते लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, घरात वडिलांचं कडक सोवळं, शाळा नाही, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलं. तो नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे ह्या बाईचं जग कोसळलं. तिचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, वाचताना हे लक्षात ठेवा की ती धर्म बदललेल्या माणसाची बायको म्हणून, रडत, चिडत, जेवण सोडून, सगळं भोगत होती, तेव्हा ती स्वतः ख्रिस्ती नव्हती आणि व्हायचंही नव्हतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग एकत्र आली तरी ती आपलं सोवळं पाळतच होती. जात देवाने केली की माणसाने हा प्रश्न तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला, आणि मग एक दिवस कुणाच्याही हातचं पाणी प्यायली, आणि बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. हे सगळं ती असं सांगते जसं ओट्यावर भाजी निवडताना शेजारणीला सांगावं. कुठे मोठा शब्द नाही. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं आणि १९३६ साली ती गेली.

हे पुस्तक मी कुणाला देते? जवळजवळ सगळ्यांना, पण खास करून तीन प्रकारच्या लोकांना. ज्या घरात नवरा-बायकोची श्रद्धा वेगळी आहे, आणि आता मुंबईत अशी लग्नं किती आहेत बघा, त्यांना. ज्यांना वाटतं धर्मांतर म्हणजे पैसे घेऊन किंवा फसवून झालेली गोष्ट, त्यांनाही, कारण इथे आतून काय होतं ते दिसतं, आणि मागे राहिलेल्यांचं काय होतं तेही दिसतं. आणि ज्या बायकांना वाटतं आपण काय लिहिणार, त्यांना. ज्यांचं मराठी वाचन हळू आहे त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, २०१७ सालचं, मी ते चार जणांना दिलंय आणि त्यातल्या दोघांनी नंतर मूळ मराठी मागितलं.

ज्याच्या मनात शंका आहेत, विशेषतः कॉलेजातली मुलं, त्यांना लगेच शंकानिरसन करणारी पुस्तकं देऊ नका. घरचे लोक हेच करतात, मुलगा म्हणाला मला पटत नाही की उत्तरांचं पुस्तक हातात. त्या मुलाला उत्तर नको असतं, त्याला हे बघायचं असतं की असे प्रश्न पडलेलं माणूस पुढे जगलं कसं. मी त्यांना पंडिता रमाबाई देते. ही बाई म्हणजे, काय सांगू, आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, देशभर पायी फिरली, संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी मिळवली, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, लहान मुलगी घेऊन इंग्लंडला गेली आणि १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंत लोकांना थोडंफार माहीत असतं. पण बाप्तिस्म्यानंतर ज्या सिस्टरांनी तिला आसरा दिला त्यांच्याशीच ती वाद घालत राहिली, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, चर्चने सांगितलेलं मी सगळं का मानू, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हातात का देऊ. हा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला, आणि वीस वर्षांच्या प्रश्न पडलेल्या मुलीला त्यातली चार पत्रं वाचायला दिली की तिला कळतं प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं नाही. शिवाय रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदा सदन सुरू झालं ते आपल्या गिरगाव चौपाटीजवळ, मार्च १८८९ मध्ये, मग पुण्याला गेलं. आणि हीच वाद घालणारी बाई शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसली होती, साध्या बायकांना समजेल असं. अमेरिकेचा प्रवास तिने मराठीत लिहिलाय, १८८९ साली छापलेला, आणि मीरा कोसंबी यांनी त्याचं इंग्रजी केलंय, ज्याला धर्माचं काहीच नको असेल त्याने तिथून सुरुवात करावी.

नारायण वामन टिळक मी वाचायला कमी आणि गायला जास्त सुचवते. ते म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांची गाणी, अभंग ऐकले की ते लगेच पटतं. मराठी चर्चमध्ये पंथ कुठलाही असो, टिळकांचं एक तरी गाणं असतंच. ज्या माणसाला वाटतं की ख्रिस्ती म्हणजे परकं काहीतरी, कोट-टाय, इंग्रजी, त्याच्यासाठी टिळकांचा एक अभंग पुरतो. येशूवरचं त्यांचं मोठं काव्य, ख्रिस्तायन, १९१९ साली ते गेले तेव्हा अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, ज्या बाईला त्यांनीच अक्षरं शिकवली होती तिने! पण ते सुरुवातीला देऊ नका, जड जातं.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण पण तसंच, अभिमानाने सांगायचं, पण पहिलं म्हणून द्यायचं नाही. इंग्रज जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्या मराठीत लिहिल्या, १६१६ साली गोव्यातल्याच राचोलला रोमन लिपीत छापल्या. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही, नंतरच्या लोकांनी हस्तलिखितांवरून ते जपलं. ज्याने ज्ञानेश्वरी किंवा एकनाथ वाचलेत अशा आजोबांना मी ख्रिस्तपुराण दिलं होतं, ते खूश झाले, रोज पाच ओव्या मोठ्याने वाचायचे. नातवाला तेच दिलं असतं तर फुकट गेलं असतं.

बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, १८५७, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात तिला, विधवांच्या हालांवर. इतिहासाची आवड असेल तरच द्या, गोष्ट म्हणून आज ती थांबत थांबत चालते.

आणि आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आमच्या वसईचे, सुवार्ता मासिकाचे बरीच वर्षं संपादक, हरित वसईच्या, म्हणजे वसईचं पर्यावरण वाचवायच्या, लढ्यात रस्त्यावर उतरलेले, २०२४ च्या जुलैत गेले. बायबलचं त्यांनी सोप्या मराठीत केलेलं सुबोध बायबल आहे, त्याला भाषांतराचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, जानेवारी २०२० मध्ये, तेव्हा एक धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, आणि तब्येत बरी नसताना ते गेले आणि बोलले. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला मराठीतला अलीकडचा लेखक हवा असेल तर मी ह्यांचं नाव घेते, कारण त्यांच्या लिखाणात तुकोबा आणि ज्ञानोबा पाहुण्यासारखे येत नाहीत, घरच्यासारखे येतात. कविता आवडणाऱ्यांना सिसिलिया कार्व्हालो, त्याही वसईच्या, त्यांच्यात भक्ती आहे पण ती हळू आवाजात आहे.

ख्रिस्ती नसलेल्या माणसाला सुचवताना एक गोष्ट मी तोंडाने स्पष्ट बोलते. मी म्हणते, हे मी तुला आवडेल म्हणून देतेय, तुझा धर्म बदलावा म्हणून नाही, आणि परत देताना मी तुला काही विचारणार नाही. काहींना वाटेल हे बोलायची काय गरज, पण आजच्या दिवसांत आहे. ऑफिसात गणपतीचे मोदक आणि नाताळचा फराळ दोन्ही वाटणारी माणसंसुद्धा पुस्तक हातात घेताना एक क्षण थबकतात, मी ते बघितलंय. आणि बोलताना खरंच तसं मनात असलं पाहिजे. मनात दुसरं असेल तर देऊ नका.

मेसेज कसा लिहायचा असं पण विचारतात, तर मी मैत्रिणीला परवा जो पाठवला तोच देते, नाव काढून:

«अगं, तू विचारलंस ना ट्रेनमध्ये, खूप विचार करून एकच सुचवते. लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. तू म्हणालीस ना की सासूबाईंच्या आणि तुझ्या देवाधर्मात रोज खटके उडतात, ह्या बाईच्या घरात तर त्याहून मोठा खटका होता. मी दोनदा पूर्ण वाचलंय. सुरुवातीला माहेरच्या माणसांची नावं खूप येतात, गोंधळ होईल, तरी पुढे जा, टिळक घरातून न सांगता निघून जायला लागले की तुला सोडवणार नाही. मला एक पटत नाही, ती नवऱ्याला फार लवकर माफ करते असं वाटतं. तुला काय वाटतं बघ. सोमवारी आणते, घाई काही नाही.»

ह्यात काय काय आहे बघा. तिच्याच बोलण्यातली एक गोष्ट आहे, म्हणजे मी ऐकलं होतं हे तिला कळतं. मी पूर्ण वाचलंय हे आहे, आणि हे खोटं कधी लिहू नका, अर्धं वाचलं असेल तर अर्धं लिहा. कुठे अडेल ते आहे. मला काय पटलं नाही ते आहे, त्यामुळे तिलाही न पटायची मोकळीक मिळते, देवाचं पुस्तक आहे म्हणून मान डोलवायची गरज नाही. आणि सोमवारी आणते, म्हणजे तिला शोधत बसायला नको. ह्या शेवटच्या वाक्यावर अर्धं काम होतं. मुंबईत माणूस पुस्तक शोधायला वेगळा जात नाही. हातात द्यावं लागतं, नाहीतर कुठे मिळेल ते नीट सांगावं लागतं, दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बघ, बांद्र्याला धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळेल, असं.

पीडीएफचं पण सांगते. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई ह्यांचं मूळ लिखाण मोकळं आहे, खुशाल पाठवा. पण आजच्या लेखकांचं, आणि जुन्या पुस्तकांच्या नव्या भाषांतरांचं, स्कॅन फिरवू नका हो. मराठीत ख्रिस्ती पुस्तक छापणाऱ्याला काय मिळतं, दोन-चारशे प्रती जातात कशाबशा, त्यातही आपणच फुकट वाटायला लागलो तर पुढचं पुस्तक कोण छापणार. परवडत नसेल त्याला स्वतःची प्रत द्या.

जिवंत लेखक असेल आणि त्याचं लिखाण तुम्ही कुणाला दिलं आणि त्या माणसाला उपयोग झाला, तर लेखकाला कळवा. दोन ओळी पुरतात. आमच्या भागातले एक वयस्कर लेखक, त्यांना मी असं पत्र लिहिलं होतं की तुमचा अमुक लेख वाचून एका आईने मुलाशी परत बोलायला सुरुवात केली. त्यांनी फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, मला वाटलं होतं हे कुणी वाचत नाही.

दिल्यानंतर मात्र वाचलंस का, वाचलंस का असं मागे लागायचं नाही. मी महिना जाऊ देते. कुणी परत आणून दिलं न वाचता तर घेते आणि दुसरं काहीतरी बोलते. देवळातल्या कपाटात स्मृतिचित्रेच्या तीन प्रती ठेवल्यात, त्यातली एक तरी नेहमी कुणाच्या तरी घरी अडकलेली असते.

मैत्रिणीला देऊन आता तीन आठवडे झालेत. काल भाईंदर यायच्या आधी तिने पर्समधून पुस्तक काढलं, मध्ये लोकलच्या पासाची खूण घातलेली होती, साधारण अर्ध्यावर, आणि म्हणाली, मला ह्या टिळकांचा इतका राग आलाय ना, रात्री झोप नाही. मी म्हटलं, सांग ना, काय केलं त्यांनी आता, आणि ती वसई रोड येईपर्यंत बोलत होती.